पुरळ उठल्यावर या

कपड्यांच्या कारखान्यामागच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिलाईयंत्रं बंद पडली होती आणि मुकादम स्वतः खुर्चीवर उभा राहून बघत होता. मधोमध उष्टेबाबा. गोवरानं फणफणलेल्या पोराला त्यानं पितळी पेल्यातून दोन घोट पाणी पाजलं, त्याच पेल्याला तोंड लावून उरलेलं घटाघटा पिऊन टाकलं आणि मिशा चाटल्या.

"रोग माझ्या पोटात आला," ढेकर देऊन तो म्हणाला. "आता तिथंच जिरेल."

आणि खरंच, चार दिवसांत पोर खेळायला लागायचं. बाबाला साधी शिंकही यायची नाही. आजारी पोरांचं उष्टं पिऊन हा माणूस उलट गलेलठ्ठ होत चालला होता.

अट एकच. पुरळ उठल्याखेरीज तो पेला हातात घेत नसे. नुसत्या तापाचं पोर आणलं की हात झटकून म्हणे, "रोग अजून आत दडलाय. पुरळ उठल्यावर या." बायकांना यात फार मोठं ज्ञान दिसायचं. ज्ञान कसलं, लबाडी सगळी त्या अटीतच होती.

कारखान्यात काजं करणारी एक बाई होती, तिला सगळे काजवालीच म्हणत. तिची ठमी अजून वर्षाचीही नव्हती. मागच्या पाळणाघरात, बाकीच्या पोरांना खेटून, पुठ्ठ्याच्या खोक्यात ती झोपायची. पाळणाघराचा नियम असा की अंग गरम असलेलं पोर आत घ्यायचं नाही. पोर परत म्हणजे आई परत, आणि तिच्या यंत्रावर दुसरी. आता लस टोचली की पोर कधीकधी तापतं. मागच्या टोचणीनंतर ठमी तापली तेव्हा मुकादमानं मायलेकींना दारातूनच हाकललं होतं. म्हणून गोवराची लस काजवालीनं पुढं ढकलली. सगळ्याच ढकलत होत्या. पोरांच्या भल्यासाठी केलेल्या नियमानं गोवराला पाळणाघर आंदण दिलं.

उष्टेबाबानं त्यावर साज चढवला. टोचणं म्हणजे धडधाकट पोरात मुद्दाम रोग घालणं, त्यापेक्षा माझा पेला काय वाईट, असं तो सांगे, आणि बायका माना डोलवत.

ठमीला गोवर झाला. नाक गळलं, डोळे लाल झाले, ताप चढला. काजवाली तिला घेऊन धावली, बाबानं हात झटकले. पुरळ उठल्यावर पुन्हा गेली. पेला झाला, ताप उतरला. काजवाली त्याचे पाय सोडीना. पुढचे काही आठवडे बाबाला तिच्यासारखी दुसरी जाहिरात नव्हती. लस द्यायला निघालेल्या दोघीतिघींना तिनंच दंडाला धरून मागं ओढलं.

मग शेजारच्या खोक्यातल्या पोराला सर्दी झाली. साधी सर्दी. ते पोर बरंही झालं. ठमीला तीच लागली आणि छातीत उतरली. श्वासागणिक तिच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. बाबानं पेला उचललाच नाही.

"माझं काम चोख होतं," तो म्हणाला. "तुझीच श्रद्धा पातळ."

दवाखान्यात नेलेली ठमी तिथंच गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना गोड बोलता येत नसे. गोवर बरा झाला होता, मग पोर सर्दीनं कसं मेलं, असं काजवालीनं विचारलं. बाईंनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शरीराच्या दाराशी जन्मापासूनचे पहारेकरी असतात: कातडी, शेंबूड, ताप, परक्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. ते धसमुसळे. चोर कोणता ते बघत नाहीत, दिसला की तुटून पडतात. त्यांना आवरलं नाही तर दुसरी फौज उठते. ती हुशार, पण तिला वेळ लागतो. एकेका रोगाचा चेहरा शिकायला तिला आठवडाभर तरी लागतो. मात्र शिकली की सहसा विसरत नाही. गोवराचं पुरळ म्हणजे ती फौज आल्याची खूण. रोग शिरलेल्या पेशी ती हुडकून मारते, त्याचेच ते लाल डाग. त्यानंतर बहुतेक पोरांचा ताप आपोआप उतरतो.

"लढाई जिंकत आली की तुमचा बाबा पेला घेऊन येतो," बाई म्हणाल्या. "आधी का येत नाही, विचारा त्याला."

बाबाला स्वतःला काही होत नव्हतं, कारण लहानपणी त्याला गोवर होऊन गेला असणार. त्याच्या फौजेला तो चेहरा पाठ होता. लस हेच करते, चोराला घरात न घेता त्याचा चेहरा दाखवते. नंतरची कणकण ही फौजेची कवायत. आणि गोवर इतका नीच, की जाता जाता त्या फौजेच्या जुन्या आठवणी पुसून जातो. जे जे ओळखायला ठमीचं अंग शिकलं होतं, त्यातलं कितीतरी ते विसरलं होतं.

"लस दिली असती तर?"

"तर बहुतेक आज खेळत असती."

 काजवालीनं विचारलं, बाबाला न झालेला रोग त्याच्यासमोर आला तर? बाई म्हणाल्या, त्या रोगापुढं तो ठमीइतकाच उघडा.

पुढं तिच्या दिराच्या पोराला गालफुगी झाली. बाबाला ती कधी झालेली नसेल या भरवशावर काजवालीनं त्याचं उष्टं पाणी पेल्यात घेतलं आणि भर पटांगणात बाबासमोर धरलं.

"पुतण्याचं आहे. गालफुगी."

बाबा म्हणाला, हा फुटकळ रोग, याला माझा पेला कशाला.

"फुटकळ आहे ना? मग प्या की."

मागं मुकादम फिसकन हसला. सगळ्या नजरा पेल्यावर. बाबाला प्यावंच लागलं. मिशा चाटायच्या मात्र राहून गेल्या.

काही आठवड्यांनी त्याचा एक गाल फुगला, मग दुसरा. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. पुढं सूज खाली उतरली, पुरुषाला सांगताही येत नाही अशा जागी. पाय फाकवत तो दवाखान्यात आला आणि इंजेक्शन द्या म्हणून रडला. बाई म्हणाल्या, आता पडून राहायचं. टोचून घ्यायचं असतं ते आधी. बाहेर त्याचेच भक्त पोट धरून हसत होते. काजवाली हसली नाही. ती दाराशी उभी होती.

"बाई, काहीतरी कर," बाबा तिच्याकडं बघत कण्हला. "मरतोय मी."

"पुरळ उठलं का?" काजवालीनं विचारलं.

गालफुगीत पुरळ उठत नाही. त्यानं मान हलवली.

"मग पुरळ उठल्यावर या."

तो मेला नाही. असली माणसं सहजासहजी मरत नाहीत. दुसरीकडं कुठंतरी तो पेला घासत बसला असेल. इकडं बायकांनी यंत्रं बंद ठेवली, तेव्हा कुठं लसीनंतर कणकण आलेल्या पोराला पाळणाघरात जागा मिळाली. तुमच्या गल्लीत असा कुणी आला तर त्याच्या मिशा बघू नका. एवढंच विचारा: हा नेमका कधी येतो, आणि त्याच्या आधी कोण लढत होतं? पण पोर अंगाखांद्यावर असतानाच विचारा. काजवालीनं विचारलं तेव्हा तिचं खोकं रिकामं होतं.