कूपनावरची रात्र

लोणारच्या सहलीच्या कूपनावर नुसतं 'रात्रीचे जेवण' छापलं होतं. हॉटेलात पोचल्यावर कळलं की तिथली रात्र आठला संपते. नेमकी संकष्टी होती आणि आमची कोकिळा चंद्र पाहिल्याशिवाय जेवत नाही. मी सातलाच जेवून घेतलं होतं, त्यामुळे बायकोच्या हक्कासाठी भांडायला अंगात ताकद होती.

"कूपनावर टाइम कुठी लिवला हाये?" मी मॅनेजर खुर्शीदभाईंना विचारलं.

"नाही लिवला, काका. पण किचन आठलेच बंद होते."

"मंग रात्रीचं काऊन लिवलं? संध्याकाळचं लिवा."

कोकिळा म्हणाली, "राहू द्या हो. घरी चतुर्थीले मीच रांधतो. आज कोणी आयतं वाढीन, एवढंच वाटलं होतं."

खुर्शीदभाई थबकले. "काकू, तुम्ही चांदासाठी थांबल्या? हे पहिले सांगा ना. काका नुसता कायदा सांगून राह्यले."

आचाऱ्याला थांबायला सांगून ते स्वतःच गच्चीवर गेले. आभाळ होतं. बऱ्याच वेळानं वरून हाक आली, "काकू, या, निघाला."

कोकिळेनं चंद्राला ओवाळलं आणि जेवायला बसली. गरम पोळी ताटात पडली तशी ती सवयीनं उठायला गेली, मग बसून राहिली. पुढच्या चतुर्थीला खोली मिळेल का, हे तिनं मला नाही, खुर्शीदभाईंनाच विचारलं.