सहा महिन्यांचा खंजीर, वय वर्षे चारशे

साहेब, तुम्ही माझा खंजीर चोरलात. काचेच्या कपाटात ठेवून, कुलूप लावून, वर दिवा सोडून चोरलात. दिवसाढवळ्या, फीत कापून.

मी सुनार्वी, मदुरा बेटावरच्या, सुमेनेप शहराजवळच्या लोहारांच्या गावातला. आमच्या गावात घरोघरी भट्टी, आणि प्रत्येक भट्टीतून रोज जुन्या वस्तू तयार होतात. हसू नका. व्यापारी येतो, म्हणतो, "दोनशे वर्षांचा क्रिस हवा, गुरुवारपर्यंत." क्रिस म्हणजे आमचा नागमोडी पात्याचा खंजीर. आम्ही देतो. पातं मी घडवतो, त्याला म्हातारं करते माझी बायको मिस्नातुन. खाऱ्या चिखलाचा खड्डा, लिंबाचा रस, सोमल. तिच्या खड्ड्यातून निघालेलं पातं बघितलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

मग तुमची स्पर्धा जाहीर झाली. नव्या घडणीची शस्त्रं, घडवणाऱ्याच्या नावानं. जिंकेल त्याला उस्तादाची सनद, म्हणजे भट्टीवर स्वतःच्या नावाची पाटी. वीस वर्षं मी मेलेल्या माणसांच्या नावानं लोखंड ठोकतोय. म्हटलं, एकदा माझ्या नावानं. माझ्या सायकलची साखळीसुद्धा वितळवून, घडीवर घडी घालून पोलादाचा एकच गठ्ठा केला आणि त्यातून दोन वस्तू काढल्या: तेरा वळणांचा क्रिस आणि भाल्याचं पातं.

मी दोन आठवडे जत्रेत कोयते विकायला गेलो. परत येतो तर क्रिस खड्ड्यात!

"अगं, तो स्पर्धेचा होता!"

"मग आधी बोलायचं ना! तुमच्या हातून आजवर नवीन काही बाहेर पडलंय का? भाला मावला नाही, नाहीतर तोही घातला असता."

घासला, धुतला, म्हातारपण काही उतरेना. तसाच आणला.

तुम्ही प्रमुख परीक्षक. क्रिस हातावर तोललात. नखानं टिचकी मारून कानाशी धरलात. मग पातं कपाळाला टेकवून डोळे मिटलेत. उघडलेत ते ओलेच.

"मातारमच्या राजांचा काळ. दरबारी कारागीर. कमीत कमी चारशे वर्षं."

"साहेब, सहा महिने."

"कुठं सापडला?"

"भट्टीत."

"खोटं बोलू नका. मदुराच्या खेड्यात असा हात नसतो. नव्यांच्या स्पर्धेतून बाद."

"त्यात माझ्या सायकलची साखळी आहे!"

"त्या काळचं लोखंड असंच असायचं," तुम्ही म्हणालात.

रागानं मला हसू फुटलं. मग मी भाला काढला. "हा त्याचा सख्खा भाऊ. पोलादाच्या घड्यांची नक्षी जुळवून बघा."

तुम्ही दोन्ही पाती शेजारी ठेवलीत. क्रिसच्या बुडाशी तुटलेली लाट भाल्यात सरळ पुढं चालू होत होती. पहिल्या रांगेतल्या लोकांनाही दिसलं. मला वाटलं, झालं काम.

"उत्तम नक्कल," तुम्ही म्हणालात. "जुन्या उस्तादाचा अभ्यास चांगला आहे. पण त्याची सर नाही. यात तो जीव नाही."

आणि भाल्याला तिसरं बक्षीस! प्रमाणपत्रावर शब्द: प्राचीन कारागिराचं प्रामाणिक अनुकरण.

मिस्नातुन खुर्चीवरून घसरलीच. "अहो, स्वतःची नक्कल करायला गेलात आणि तिथंही तिसरे!" हसता हसता तिला उचकी लागली. शेजारच्या बाईनं पाणी दिलं, काय झालं विचारलं, मग तीही सुटली. बघता बघता दोन रांगा गदागदा हलायला लागल्या. मीही पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू? चारशे वर्षांत असा हात झाला नाही म्हणे, आणि तो हात त्या क्षणी नाक पुसत होता.

क्रिस मात्र तुम्ही तिथंच काचेच्या कपाटात ठेवलात, फीत कापलीत. दुसऱ्या दिवशी व्यापारी दारात. "कपाटातल्यासारखे पाच द्या." मी त्याला हाकललं. मिस्नातुननं पहिल्यांदाच अडवलं नाही. खड्ड्यावर फळी टाकली आणि वर कोंबड्या बसवल्या.

साहेब, खंजीर ठेवा कपाटात. हवे तर आणखी दोन दिवे सोडा. पण सनद घडवणाऱ्याला द्यायची, हा नियम तुमचाच. माझ्या भट्टीवर या. तुमच्यासमोर लोखंड तापवतो, तुमच्यासमोर नवा क्रिस घडवतो. गरम आहे तोवर जपून, निवला की खुशाल कपाळाला लावा, आणि सगळ्या गावासमोर सांगा, हा हात कुणाचा?

येता की नाही? तारीख घालून, सहीनिशी कळवा.