येते म्हणून गेली

"खुरपं न्यायचं नाही म्हणजे नाही," पंपवाला बॅगेवर गुडघा टेकवून म्हणाला. "विमानात बसायचंय आपल्याला, खुरपणीला नाही चाललो."

"मोठ्या बॅगेत तळाशी घातलंय. कुणाच्या पोटात खुपसणार आहे का मी?"

"येताना त्याच्यापायी बॅग उपसायला लावली होती त्या लोकांनी. विसरलीस?"

"लावली. पण सोडलं ना शेवटी?"

नवराबायकोचं हे भांडण सकाळपासून चाललेलं, आणि खरं सांगायचं तर ते खुरप्याचं नव्हतंच.

दोघं आपल्याच मुलखातली माणसं. त्यानं जन्मभर विहिरीवरचे पंप दुरुस्त केले, तिनं रोपं वाढवून विकली. पोरं मार्गी लागली, तसं एका संस्थेनं विचारलं, परदेशातल्या एका गावात चला, राहणं-जेवण आमचं, पगार नाही, तिथल्या लोकांना तुमचं काम शिकवा. हा म्हणाला, घरी तरी कोण पगार देतंय? आणि आले. आता मुदत संपली होती. उद्या सकाळी न्यायला गाडी येणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक. फक्त ज्या म्हातारीच्या मागच्या खोलीत ते राहत होते, तिला ते अजून कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. तिच्या कानावर गेलं असणारच. पण ती विषय काढत नव्हती, आणि रोपवालीची जीभ उचलत नव्हती.

म्हातारी एकटी. पुढं-मागं कुणी नाही. रोपवाली तिला अक्का म्हणायची, ती हिला धाकटी. दोघींची मिळून एक खिचडी भाषा झाली होती, अर्धी हिची, अर्धी तिची. तिसऱ्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

घोडं अडलं होतं ते एका शब्दावर. आल्या वर्षीच रोपवाली पलीकडच्या वस्तीवर वाफे दाखवायला निघाली, आणि सवयीनं दारातून म्हणाली, "येते हं अक्का." आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत. जाते म्हणणारी परत येत नाही, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं. पण म्हातारीला मराठी ठाऊक ती चार शब्दांची. येते म्हणाली म्हणजे आत्ता येते, असं धरून ती ताट झाकून उंबऱ्यावर बसली. ही उगवली दुसऱ्या दिवशी दुपारी. ताट तसंच, म्हातारीही तशीच, पोटात कण नाही.

"येते म्हणालीस ना?" एवढंच बोलली, आणि दिवस मावळेपर्यंत गाल फुगवून बसली.

मग रोपवालीनं समजावलं, तेव्हा म्हातारी पोट धरून हसली. "जाणारीनं येते म्हणायचं? तुमची माणसं उलट्या खोपडीची आहेत गं." तेव्हापासून शेळ्यांना पाणी दाखवायला निघाली तरी म्हातारीही येते म्हणून निघायची. पण एक गोष्ट तिनं बजावून सांगितली होती. "धाकटे, येते म्हटलं की यायचं. यायचं नसेल तर म्हणायचं नाही."

"उद्या येते म्हण आणि बस गाडीत," पंपवाला म्हणाला. "सगळेच म्हणतात."

"सगळ्यांसाठी कुणी ताट झाकून बसत नाही हो. या वयात आपलं परत येणं कुठलं?"

त्यावर त्यानं बॅगेवरचा गुडघा काढला.

दुपारी दोघी वाफ्यात वांग्याची रोपं लावायला बसल्या. तिथली माती महाखट. वाळली की कुदळीला दाद देत नाही, भिजली की चपलेसकट पाय धरून ठेवते. पहिल्या खेपेची रोपं त्या मातीनं जाळून खाल्ली होती. आता तीच माती राख आणि लेंड्या खाऊन मऊ पडली होती.

"फळ कधी धरेल?" म्हातारीनं विचारलं.

"दोनेक महिन्यांनी. अक्का, मला तुझ्याशी बोलायचंय."

"आधी पाणी घाल. रोपं माना टाकतायत."

तिनं पाणी घातलं.

"अक्का, उद्या..."

"उद्याचं उद्या," म्हातारी म्हणाली आणि पुढच्या रोपाकडं सरकली.

सकाळी रोपवालीनं मनाशी पक्कं केलं, खरं ते सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो. तिनं तीन कप चहा ओतला. तेवढ्यात म्हातारी डोक्याला फडकं बांधून बाहेर आली. बॅगेशी वाकली, चेन उघडली, तळात हात घालून खुरपं ओढून काढलं. चार कपडे बाहेर आले, ते तिनं पुन्हा आत कोंबले. पंपवाला बघत राहिला. मग तिनं रोपवालीच्या गालावरून आपला खरबरीत हात फिरवला आणि दारात वळून म्हणाली, "येते हं धाकटे."

"अगं, चहा?"

"झाकून ठेव. येते."

रोपवालीनं कपावर बशी ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. गाडी आली. ड्रायव्हरनं भोंगा दिला, थांबून पुन्हा दिला.

"जरा थांबायला सांगा त्याला. ती येतेय."

पंपवाला तिच्याशेजारी टेकला. "ती नाही यायची आता."

"येते म्हणालीय ती."

"म्हणूनच."

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. जे खोटं हिच्या तोंडून निघत नव्हतं, ते म्हातारीनं स्वतःच्या जिभेवर घेतलं होतं. रोपवाली पदर तोंडात कोंबून रडली. मग उठली, बशीवरून एकदा हात फिरवला आणि गाडीत बसली.

गाडी शेताच्या कडेनं वळली. म्हातारी वाफ्यात रस्त्याकडं पाठ करून बसली होती. कालच लावलेला तो वाफा, त्यात गवताची काडी नव्हती, तरी ती खुरपत होती. तिनं मान वर केली नाही.

"जाते गं अक्का," रोपवाली काचेआडून म्हणाली.

निघताना हा शब्द जन्मात तिच्या तोंडून निघाला नव्हता. एरवी नवऱ्यानं टोकलं असतं, असं म्हणू नये. आज तो दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिला.