बर्फावरचा तापलेला पत्रा

पेन्चोची गादुल्का, त्याची ती छोटी सारंगी, फाटकावरच काढून घेतली. "काका, इथे वाजवायचं नाही," इस्क्रा म्हणाली. खेळातून सोडवलेली अस्वलं सांभाळणारी ही पोरगी. तिचं म्हणणं, तुमची अस्वलीण, मीमा, जन्मभर भीतीनं नाचली.

"भीती? डोंबलाची भीती!" म्हातारा उसळला. "अगं, माझ्या घासातला घास घातलाय तिला. जीव होता तिचा माझ्यावर. बघशीलच आता."

तेवढंच तर बघायला तो आला होता. सरकारी माणसं मीमाला घेऊन गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मीमा गुहेतून बाहेरच येत नाही म्हणे. पेन्चोनं हाक मारली आणि आली की! जाळीपलीकडून तिनं त्याला नीट न्याहाळलं, मागच्या पायांवर उभी राहिली आणि नाचायलाच लागली. गादुल्का नाही, काही नाही.

"बघ, बघ! ओळखलं लबाडानं!" म्हाताऱ्याला कोण आनंद झाला.

"काका, तिचे पाय बघा."

अख्खं रान बर्फानं भरलेलं, आणि मीमा एक पाय टेकतो न टेकतो तोच चटका बसल्यासारखा उचलत होती, मग दुसरा. खालचं बर्फ मुतानं पिवळं होत चाललं होतं. पेन्चोला अंगणातला पत्रा आठवला. त्याखालचे निखारे. वर किंचाळणारं पिल्लू, आणि आपण गादुल्का वाजवतोय. ऐकवेना म्हणून बायकोनं, राडानं, धाडकन लावून घेतलेलं दार. मीमा आनंदानं नाचते, असं तो जत्रेजत्रेत सांगत आला होता, आणि सांगता सांगता मेलं त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं.

"पुरे गं बाई, पुरे!" त्यानं डोक्यावरची टोपी काढली. खेळ संपला की तो असाच टोपी काढून लोकांना सलाम करायचा, आणि मग मीमाला साखर द्यायचा.

मीमा धपकन खाली बसली. लगबगीनं जाळीशी आली आणि त्याचा हात चाटायला लागली. याच हातानं निखारे सारले होते. पेन्चो लहान पोरासारखा रडला.

बऱ्याच वेळानं इस्क्रा म्हणाली, "थंडी बाधेल काका. टोपी घाला."

त्यानं टोपी कपाळापर्यंत नेली. मीमाचे पुढचे पाय बर्फावरून उचलले गेले.

त्यानं हात झटकन खाली घेतला. गादुल्का फाटकावरच टाकून म्हातारा उघड्या डोक्यानं डोंगर उतरू लागला. वळणापलीकडे मीमा दिसत नव्हती, बर्फ भुरभुरत होतं, कान बधिर झाले होते. तरी त्याला टोपी घालवेना.