मिंगिंग जॅम

आमच्या स्कॉटलंडमधल्या एअरशायरमध्ये 'मिंगिंग' हा शब्द घराघरांत असतो, मीठ असतं तसा. भिजून आंबलेले मोजे मिंगिंग, फेब्रुवारीतली हवा मिंगिंग, शनिवारी पबमधून भिंत धरून येणारा माझा मेहुणाही मिंगिंग. घाणेरडं, कुरूप, तर्र. समोर असेल तसा अर्थ. पथ्य एकच: कुणी आपल्या हातानं केलेल्या खाण्याला तो लावायचा नाही.

इशबेल रँकिननं लावला. दर ऑगस्टमध्ये तंबूत भरणाऱ्या गावच्या प्रदर्शनात ती जॅमची परीक्षक. बरण्यांवर नावं नसतात, नुसते नंबर, आणि चव घेऊन अभिप्राय सगळ्यांदेखत सांगायचा असतो. गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, सेंगाच्या, रास्पबेरी जॅमला ती भर तंबूत म्हणाली, "शी! मिंगिंग!" तेव्हापासून खाटकापासून पाद्र्यापर्यंत सगळे, "काय गं, मिंगिंग सेंगा?"

नंबर नावालाच. सेंगा बरणीला कायम लाल चौकड्यांचं कापड बांधते, ते अख्खा गाव ओळखतो.

नाताळात इशबेल शेजाऱ्यांना स्वतःच्या जॅमची एकेक बरणी वाटते. आमची सेंगानं फडताळात मागे ढकलली.

"उघडायची नाही?" मी विचारलं.

"ऑगस्टपर्यंत टिकेल."

ती असं बोलली की मी पेपर उघडतो.

ऑगस्टमध्ये लाल चौकडी दिसताच इशबेलनं नाक मुरडलं. चमचा जिभेला टेकला न टेकला, तोच म्हणाली, "यंदाही मिंगिंगच हो. काय करणार, हातच तसा."

तंबू खदखदला. सेंगा पुढे झाली. "इशबेल, बरणीचं बूड बघ की जरा."

बुडाला चिठ्ठी डकवलेली होती. खाटकानं खणखणीत आवाजात वाचली, "नाताळच्या शुभेच्छा. तुमची इशबेल."

"इतके महिने ठेवलास... बिघडला असेल," इशबेल पुटपुटली.

"झाकण आत्ता, तुझ्यादेखतच उघडलं," सेंगा म्हणाली. "जॅम तुझा, जीभ तुझी, शब्दही तुझाच. सांभाळ."

आम्ही तंबूबाहेर पडतोय तोवर खाटकानं सुरू केलंच, "चहा घेणार का, मिंगिंग इशबेल?"

घरी सेंगानं पिशवीतून तीच बरणी काढली आणि टोस्टवर बोटभर थर दिला. खाल्ला. आणखी एक खाल्ला.

"कसा आहे?"

"मेलीचा हात सोन्याचा आहे," ती म्हणाली. "बाहेर बोललास तर बघ."

बरणी संपेपर्यंत आम्ही कुणालाही चहाला बोलावलं नाही.