आदर्श दिवाणखाना

टेलिफोनलासुद्धा फ्रॉक घातला होता. गुलाबी सॅटिनचा, खाली झालर, रिसिव्हरला वेगळी टोपी आणि आकडे दाबण्यापुरती मधोमध कापलेली एक खिडकी – त्या खिडकीच्या कडेलाही कुणीतरी जीव ओतून बारीक टाके घातले होते, आणि शिवांजलीला वाटलं, एवढी नजर, एवढी बोटं, एवढ्या दुपारी... आणि त्यातून निघालं काय, तर नटवलेला टेलिफोन.

"म्याडम, तुमी बी काहीतरी इचारा की," वैजिनाथअप्पा म्हणाले.

अप्पा गृहसजावट मंडळाचे अध्यक्ष. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाशी त्यांचं प्लायवूड-सनमायकाचं दुकान, दुकानाच्या माळ्यावर मंडळाचं कार्यालय, आणि अध्यक्षपद कशामुळे मिळालं ते अंबाजोगाईत सगळ्यांना ठाऊक – पत्र्याखालच्या त्या माळ्यावर कूलर त्यांचा होता. एरवी ते तिला 'सूनबाई' म्हणत, कारण तिच्या दिवंगत सासऱ्यांशी त्यांचा जुना घरोबा. आज मात्र तिने मंडळाच्या 'आदर्श दिवाणखाना' स्पर्धेचा परीक्षकाचा बिल्ला लावला होता, म्हणून म्याडम.

"संकल्पना काय होती तुमच्या मनात?" तिने विचारलं. गुणपत्रिकेवर तसा रकानाच होता.

घरच्या यजमानीण डॉक्टरीणबाई लाजल्या. "आमच्या मिस्टरांना समुद्र आवडतो."

भिंतभर समुद्र होताच. कागदाचा – नारळाची झाडं, होडी, मावळता सूर्य, आणि त्या सूर्यावरच नेमकं विजेचं बटण. समुद्राखाली कारंजं. ह्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, बायका मध्यरात्री उठून हंडे लावतात, आणि ह्यांच्या दिवाणखान्यात कारंजं... ते चालू करून दाखवण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी स्वतः बादलीभर पाणी आणून ओतलं, मोटार खरखरली, प्लॅस्टिकच्या मत्स्यकन्येच्या तोंडातून एक पिचकारी उडाली आणि थांबली. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. शिवांजलीने चेहरा हलू दिला नाही. ही कला तिला लग्नानंतर साधली होती – ओठांची कडही न हलवता पोटभर हसून घेणं.

जीप पुढच्या घराकडे निघाली. मागच्या बाकावर तिच्यासमोर तिसरे परीक्षक, गुफरानभाई सोफेवाले, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. एरवी ह्या माणसाचं तोंड बंद नसे. मुंबईच्या कुठल्या शेठचा सोफा त्यांनी कसा बांधला ते सांगताना ते फोमची घनतासुद्धा शायरीतल्या शेरासारखी म्हणत. आज सकाळपासून गप्प. मंडळातली त्यातल्या त्यात बरी व्यक्ती, असं तिने त्यांना मनात कधीच प्रमाणपत्र दिलं होतं. म्हणजे तिरस्काराच्या खालच्या पायरीवरून एक पायरी वर.

मंडळ! कसलं मंडळ... देवीच्या यात्रेत ह्यांनी समाजकार्य म्हणून पाणपोई उभारली, तिला थर्माकोलचे रोमन खांब लावले, आणि दर्शनाच्या रांगेतला एक दमलेला म्हातारा टेकायला गेला तो खांबासकट आडवा झाला. वास्तुशास्त्रावर व्याख्यान ठेवलं तर सभागृह भरून बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या आणि पुढचे कित्येक महिने गावभर संडास इकडून तिकडे हलत राहिले. आणि तिने 'घरातील प्रकाश' ह्या विषयावर स्लाइड्स आणल्या, आठवडाभर खपून, तर पहिल्याच स्लाइडला लाईट गेली. अंधारात कोणीतरी म्हणालं, "हाच का त्यो प्रकाश?" – आणि सगळे हसले. अप्पासुद्धा. मेणबत्ती आली तेव्हा अर्धी माणसं निघून गेली होती.

तरी दर महिन्याला मी त्या माळ्यावर जातेच. कशासाठी? तिने स्वतःला कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं. पण आत कुठेतरी ते पडून होतं – की ह्या लोकांकडे बघितल्यावर तिला आपण कोण आहोत ते लख्ख आठवायचं. पुण्याचा डिप्लोमा, वर्गात पहिली. वाड्यावस्त्यांची मोजमापं घेत फिरलेली ती आणि तिची होस्टेलमधली मैत्रीण शाईस्ता. रात्र-रात्र एका रेषेवरून भांडणारी. ते सगळं इथे विरघळून जाऊ नये म्हणून तिला हा फ्रॉकवाला टेलिफोन हवा होता, कागदी समुद्र हवा होता. माणसं देवघरात बसतात तशी ती ह्या कुरूपतेपुढे जाऊन बसायची आणि उठताना तिला बरं वाटायचं.

गुत्तेदार धुळाजींच्या बंगल्यात छतावर प्लास्टरचे हंस होते. कमळं होती. कमळांतून निळे, हिरवे, लाल दिवे. साखर कारखान्याच्या रस्त्याच्या कामातून वर आलेला हा माणूस पांढऱ्या सफारीत, बाह्या ताणत, स्वतःच्या सोफ्याच्या अगदी काठावर बसला होता – सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, हलला की करकरायचं.

"संकल्पना?"

"ती केबलवर सिरियल लागती बघा, तिच्यात ते शेठचं घर हाय. कारागिराला टीव्हीपुढं बसिवलं. म्हणलं, ह्याच्यात एक पायरी बी कमी नगं."

जिना खरोखरच होता. गोल, संगमरवरी, पितळी कठड्याचा. आणि वर काहीच नव्हतं, मजला अजून चढायचा होता. जिना छतापाशी जाऊन हंसांच्या पोटाला टेकत होता. शिवांजलीने मान वर करून बघितलं आणि तिला इतका आनंद झाला की तिने चक्क शाबासकी दिली. "धाडस आहे," ती म्हणाली. धुळाजी फुलून आले.

हे शाईस्ताला सांगायचं. शब्दन् शब्द. गेल्या आठवड्यात शाईस्ताचा फोन आला होता – पुण्यात तिने स्वतःचं ऑफिस थाटलंय, कंपन्या नव्या येताहेत, कामं मावेनाशी झालीत, ये, भागीदार म्हणून ये. "उधर क्या कर रही है तू, शो-केस की धूल गिन रही है?" शिवांजली कोपऱ्यात वळून, आवाज खाली घेऊन, हिंदी-इंग्रजीतून बोलली होती. आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सासूबाई तूर निवडत होत्या. त्यांना काय कळणार... "दिवाळीपर्यंत," ती म्हणाली होती. "दिवाळीनंतर मी इथे नाही." नवऱ्याला, वीरेशला, अजून सांगितलं नव्हतं. सांगायची घाई नव्हती. ते वाक्य तिने तोंडात खडीसाखरेसारखं धरून ठेवलं होतं, आणि त्याच्या जोरावर आठवडाभर ती सगळ्यांशी कधी नव्हे इतकी गोड वागत होती.

"आता येकच घर ऱ्हायलं," अप्पा पुढून मान वळवून म्हणाले. "सुभद्राबाईंचं."

"कोण सुभद्राबाई?"

"तुमच्या सासूबाई की, म्याडम!"

तिला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "परीक्षकाचंच घर स्पर्धेत? ते चालत नाही, अप्पा."

"घर त्यांच्या नावानं हाय. तुमी परीक्षक, त्या स्पर्धक. नियमात कुठं बसत न्हाई सांगा?" अप्पा खुशीत होते. "स्वतः दुकानी येऊन नाव देऊन गेल्या."

गुफरानभाई जीपच्या पत्र्याकडे बघत होते.

आणि मग, चौकातून गाडी आपल्या गल्लीत वळेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात, शिवांजलीच्या आत काहीतरी हललं, नको असताना. आत्यांनी – सासूबाईंना ती इथल्या रीतीने आत्या म्हणे – माझी खोली स्पर्धेत दिली. लग्नानंतर हट्टाने, एकटीने केलेली ती खोली: चुन्याच्या पांढऱ्या भिंती, घासून चकचकीत केलेली शहाबादी फरशी, जमिनीलगतची खादीची बैठक, वेताच्या टोपलीतला एकच दिवा. बाकी काही नाही. रिकामेपण. ती पूर्ण झाली त्या दिवशी वीरेश दारात उभा राहून "चांगलं हाय" म्हणाला होता आणि जेवायला आत गेला होता. तेव्हापासून तो आणि आत्या मधल्या खोलीत टीव्ही बघत. पाहुणे स्वयंपाकघरातल्या पाटावर बसत. अप्पा एकदा त्या बैठकीवर टेकले, तर उठवायला दोघं लागले होते... आणि आता त्याच आत्या स्वतः चालत दुकानी गेल्या, म्हणजे त्यांना इतके दिवस आतून अभिमान होता, फक्त बोलता येत नव्हता. बिचाऱ्या. तिने त्यांना माफ करून टाकलं. दिवाळीनंतर आपण नसू तेव्हा ती खोली तशीच जपतील, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतील, असंही तिला दिसलं; आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, थोडंसं, स्वतःच्याच मोठेपणाचं.

दाराला झेंडूचं तोरण होतं. आत गल्लीतल्या बायका, पोरंटोरं. आत्या इरकली नेसून उंबऱ्यात उभ्या. कपाळावर भस्माची ताजी बोटं.

"या, म्याडम. या, बसा."

गंमत, असं तिला वाटलं. ती हसली आणि आत पाऊल टाकलं.

मोरपंखी भिंती. पहिल्यांदा रंगच अंगावर आला. तेलाचा रंग, अजून वास येणारा... ती सकाळी घर सोडून गेली तेव्हा ह्या पांढऱ्या होत्या. नाही. तिला आठवलं, ती दोन दिवस परीक्षकांच्या शिबिरासाठी बीडला होती, रात्री मावशीकडे राहिली होती, आज तिथूनच थेट मोंढ्यात आली. म्हणजे दोन दिवस पुरले. कोपऱ्यात काचेचं शो-केस – तेच, जे तिने माळ्यावर टाकायला लावलं होतं – पुसून लखलखीत, आत सासऱ्यांचा कुस्तीचा चषक, कुठल्याशा यात्रेतला शंखांचा नंदी, प्लॅस्टिकची सफरचंदं. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो, हार. टीव्ही मधल्या खोलीतून इथे आलेला. आणि मधोमध सोफा. लाल मखमलीचा, गोल हातांचा, उंच बैठकीचा.

तिने गुफरानभाईंकडे बघितलं.

"सुभद्राअम्मांनी कसम घातली हुती, म्याडम," ते हळूच म्हणाले. "सांगू नगंस म्हणल्या."

सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांना, ह्यांना, रंगाऱ्याला, गल्लीला. मधल्या दारात वीरेश उभा होता, आपलं दुकान बंद करून आलेला. तो तिच्याकडे बघत नव्हता. सोफ्यावर बसलेल्या साखराबाई, शेजारच्या म्हाताऱ्या, मखमलीवरून उलटसुलट हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "लई गुळगुळीत गं माय, मांजरावानी," आणि तो त्याला हसत होता. मोकळं, मान मागे टाकून. हा असा हसतो?

"इचारा, म्याडम," अप्पा म्हणाले.

शब्द होते तिच्याकडे. दिवसभर किती भराभर येत होते, एकाहून एक, धारदार. ती ते शोधू लागली. मोरपंखी – त्यावर काहीतरी हवं. सफरचंदांवर... सफरचंदांवर तर कोणीही बोलेल. सगळं भयंकर होतं, ह्यात शंकाच नव्हती. तिचा डोळा चुकत नव्हता, रंग ओरडत होता, शो-केस दाराच्या फार जवळ होतं. पण ते बघणाऱ्या डोळ्याच्या मागे जी एक बाई सदा टेकून बसलेली असायची, हसायला तयार, ती जागेवर नव्हती.

"संकल्पना," ती म्हणाली. आवाज भलतीकडूनच आला. "काय होती तुमच्या मनात?"

आत्यांनी पदर सारखा केला. जमलेल्या बायकांकडे एकदा बघितलं. त्यांच्या ओठांची कड हलली नाही. डोळ्यांत मात्र काहीतरी होतं, आणि शिवांजलीने ते तात्काळ ओळखलं, कारण आरशात ते तिला रोज भेटत असे. म्हणजे ह्याही... तूर निवडता निवडता, रोज, इतकी वर्षं. माझ्या रिकाम्या खोलीकडे बघून. पोटभर.

"दिवाळीपतूर करायचंच हुतं," आत्या म्हणाल्या. "मग म्हणलं, तवर कशाला थांबायचं? त्ये पांढरं सामान मागच्या पडवीत नीट बांधून ठिवलंय. येक बी डाग न्हाई. तुमाला न्यायचं आसंल तर न्या."

बायका हसल्या. परीक्षकबाईंना बक्षीसच की, असं कोणीतरी म्हणालं. अप्पा सगळ्यांत मोठ्याने. वीरेश हसला नाही. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, विचारणंही नव्हतं. फलाटावर सोडायला आलेला माणूस गाडीकडे बघतो तसं होतं ते.

"बसा ना. उभ्या का?" आत्यांनी सोफ्यावरची जागा हाताने झटकली. साखराबाई सरकल्या.

ती बसली. मखमल उबदार होती, आधीच्या माणसांची ऊब होती तिच्यात. समोर भिंतीवरून सासरे खोलीकडे बघत होते. जायचं तर होतंच – तिनेच ठरवलं होतं, अगदी पक्कं, आणि ठरवताना तिच्या मनात नेहमी एक चित्र असे: ती दाराबाहेर पडते आहे आणि मागे हे सगळे थिजून, तोंड उघडं टाकून उभे आहेत. त्या चित्रातली माणसं आता उठून आपापल्या कामाला लागली होती. दार आधीच बंद झालं होतं, आतून, कधीतरी. रंगही वाळत आला होता. पेन्सिल गुणांच्या रकान्यावर टेकली. सोफा उंच होता, पाय फरशीला नीट पोचत नव्हते.

"सरबत घेता का, म्याडम? का चहा टाकू?"

हे नाटक आता संपेल, असं तिला वाटलं. ग्लास हातात देताना तरी आत्या वाकतील आणि रोजच्यासारखं, कावून, खेकसून का होईना, म्हणतील – घे गं, तू. तिने वर बघितलं. काही चालेल, ती म्हणाली, काहीही... आणि तो एक शब्द कानांवर पडावा म्हणून ती जीव कानात गोळा करून बसून राहिली.