दवाखान्यामागे टाकलेली खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. जुनी म्हणाले म्हणून कीव करू नका मित्रांनो, मला ती सोसत नाही. इगतपुरीच्या डोंगराकडच्या एका सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत मी उभा जन्म काढला. आसपासच्या पाड्यांवरची निम्मी माणसं पहिल्यांदा माझ्यावर रडली. आज मिशीला पीळ देत फिरतात आणि मला ओळखत नाहीत. असू दे.

नाशिकच्या एका कारखान्यात मला जोडलं, पांढरा रंग दिला आणि टेम्पोत घालून इकडे आणलं. इथला पाऊस म्हणजे भिंतींना पाझर. माझे पाय गंजले, पण डगमगले कधी नाहीत.

खोलीची मालकीण मीना सिस्टर. बाई भारी फटकळ. कळा देणारी पोरगी फार ओरडली की म्हणायची, "हळू गं बाई, छत आधीच गळतंय, खाली येईल." पोरगी रडतारडता हसायची. गळ्याभोवती नाळ गुंडाळून आलेली कितीतरी बाळं तिने नुसत्या बोटांनी सोडवली.

तिथली एक रीत होती. बायकांनी चपला काढून पायरीवर बसायचं. सिस्टर दारात यायची, चेहरे बघायची आणि जिची वेळ भरत आली तिला हाक मारायची. हाक आल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. वरच्या पाड्यावरची तानुबाई अशीच हाकेला आत आली आणि तिचा राजू माझ्यावर झाला.

मग गावात ज्यांच्या हाती चार पैसे आले, ते नाक मुरडायला लागले. सरकारी म्हणजे घाण, असं म्हणत शहरातल्या खासगी दवाखान्यांत गेले. साहेबांना जाब विचारणारी तोंडं तीच होती. ती गेल्यावर औषध संपलं तरी कोणी ओरडेना, डॉक्टरची खुर्ची रिकामी राहिली तरी कोणी विचारेना. शेवटी दवाखाना एका कंपनीला चालवायला दिला, तेव्हा गावाने पेढे खाल्ले. धन्य ते गाव.

मीना सिस्टरची बदली झाली. काचेचं दार बसलं. मला मागच्या चिंचेखाली टाकलं.

भातलावणीच्या दिवसांत राजूची बायको मोहिनी कळा देत आली. पहिलटकरीण. राजू जीपवाल्याला थांबवायला गेला. तानुबाईने चपला काढल्या आणि सुनेला घेऊन पायरीवर बसली. दारावर सोमनाथ नावाचा नवा रखवालदार होता.

"आजी, वाट सोडून बसा. गाड्या येतात इथं."

"बसतो बाबा बाजूला. शिस्टर हाक मारंल तवा येऊ."

"बरं," तो म्हणाला. मोहिनी तोंडात पदर धरून कळा सोसत होती; त्याला वाटलं, आत कोणाला तरी भेटायला आल्या असतील.

तानुबाई सुनेला मागे चिंचेच्या आडोशाला घेऊन आली आणि मला बघून थांबली. "ही तर आपलीच खाट. तुझा नवरा हिच्यावरच झाला. टेक."

मोहिनी टेकली. पावसाची भुरभुर चालू होती. हाक काही येईना.

"आत्या, आपणच जाऊ का आत?"

"बोलावल्याबिगर? डाक्टर रागवंल. दम धर."

आत हाक मारणारं कोणी नव्हतंच. यंत्रातून नंबर काढायचा, खिडकीवर कार्ड दाखवायचं, ही आतली नवी रीत. तानुबाईला ती कोण सांगणार? मी सांगितली असती, पण खाटेला तोंड कुठे असतं.

राजू परत आला, बायकोची अवस्था बघितली आणि आत धावला. खिडकीवरच्या बाईने नंबर विचारला, मग कार्ड विचारलं.

"कार्ड घरी राह्यलं. बायको मागं पडलीय हो चिंचंखाली."

"मागं कशाला नेली? पुढून आणायची ना."

नर्स धावत आली तोवर बाळ आलं होतं. गळ्याभोवती नाळ होती. तानुबाईला ती दिसली, सोडवता आली नाही. मुलगी होती. रडली नाही.

नातीला लुगड्यात गुंडाळून तानुबाई पुढच्या दाराशी गेली. "आम्ही बसलो व्हतो ना रं? तूच पाह्यलं. नीट बसलो व्हतो." सोमनाथने काचेचं दार उघडून धरलं.

मित्रांनो, शेवटी शिकवण सांगायची असते, म्हणून सांगते. सरकारी दवाखाना तुमचा असतो, म्हणून तर त्याला शिव्या देता येतात. खुशाल द्या. पण त्याला टाकून जाऊ नका. तुम्ही गेलात की मागे तानुबाई उरते, आणि तिला ओरडता येत नाही.

या दवाखान्याची आशा मी सोडली आहे. उद्या भंगारवाला येणार आहे. मला पुसू नका, रंगवू नका. तुमच्या गावचा दवाखाना अजून तुमचा असेल, तर घरच्या मोठ्यांना घेऊन तिथे जा आणि भांडा. लोखंड भट्टीत गेलं तरी पुन्हा काहीतरी होतं. मोहिनीची लेक पुन्हा होत नाही.